कपाटामागच्या बाई

...नाही हो, वाचतच नाहीत! तुम्हाला सांगतो, दोन लाख शब्द लिहिले मी, मोजून दोन लाख, नोकरी सोडून, तीन वर्षं, शेवटी शेवटी तर जेवणाच्या टेबलावर बसून, कंबरेचा पार काटा ढिला झाला, आणि लोक काय करतात? कपाटामागे जाऊन बसतात! कुठल्या कपाटामागे म्हणता? सांगतो ना, तेच तर सांगतोय, जरा दम खाऊ द्या माणसाला.

मी खेळ करतो. मैदानावरचे नव्हे, कॉम्प्युटरवरचे. आणि त्यातही ते गोळीबार, गाड्या उडवणं, राक्षस मारणं, तसलं काही नाही. वाचायचे खेळ. म्हणजे कसं, पडद्यावर चार ओळी येतात, खाली तीन-चार पर्याय, तुम्ही बोट ठेवाल तशी गोष्ट पुढे वळते. ना कंपनी, ना साहेब, ना हाताखाली कोणी. लिहिणारा मी, जुळवणारा मी, चुका करणारा मी आणि त्या शोधत बसणाराही मीच. आमच्या सासूबाईंना एकदा हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं, चित्रं काढून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गोष्टच ना? मग शेवट लोकांना कशाला विचारता, तुम्हाला येत नाही का?" आता बोला.

तर माझा खेळ, 'बुडालेलं न्यायालय'. नाव ऐकूनच अंगावर काटा येतो की नाही? निदान माझ्या तरी यायचा. एक शहर पाण्याखाली गेलंय, त्यात एक न्यायालय अजून चालू आहे, तुम्ही तिथले लेखनिक, आणि शेवटच्या खटल्याचा निकाल तुम्हाला लिहायचाय. सत्य निवडायचं की दया? चौदा शेवट! एकेका शेवटासाठी मी स्वतः रडलोय, बायको साक्षीला आहे. ती म्हणायची, "अरे, पाण्याखाली आहेत ना ते सगळे, मग तू आणखी पाणी कशाला घालतोस?"

आता हे जेवणाचं टेबल कुठून आलं तेही ऐका, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. मला खोली होती. स्वतःची, छोटी, एका खिडकीची, पण दार लावता येणारी. सासूबाईंचा गुडघा दुखायला लागला, त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आमचं पहिल्यावर, म्हणून बायको म्हणाली, आई पंधरा दिवस इकडे येईल. मी म्हटलं, येऊ दे की, पंधरा दिवसांचा काय प्रश्न आहे! अहो, पंधरा दिवसांचे चौदा महिने झाले. खोली त्यांची, टेबल माझं. आणि टेबलावर बसलं की सगळं घर कानात. "जावईबापू, पंखा बंद केलात का? आणि दिवा?" "जावईबापू, पाठ सरळ." "जावईबापू, मगाशी जेवलो म्हणालात, ताट तर कोरडं दिसतंय." मी इकडे बुडालेल्या शहराच्या महान्यायाधीशाचं मृत्युपत्र लिहितोय, तिकडून आवाज, "ओला टॉवेल खुर्चीवर कोणी टाकला?" महान्यायाधीशाच्या तोंडी कसली वाक्यं यावीत मग?

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खेळ लिहिता लिहिता यंत्रणा तपासत राहावी लागते. पात्र बोलतं का, ऐकतं का, मागचं लक्षात ठेवतं का, रागावतं का, खोलीतून गेलं तर नीट जातं का. त्यासाठी आम्ही एक सरावाची खोली करतो आणि तिच्यात एक सरावाचं माणूस बसवतो. त्याला काहीही बडबड द्यायची, फक्त चाललं पाहिजे. आणि खेळ लोकांपुढे ठेवण्याआधी त्या खोलीचं दार आठवणीने बंद करायचं. बस. एवढंच. शेंबडं पोर करेल.

मी काय केलं, सरावाच्या खोलीत एक बाई बसवल्या. नाव नाही, गाव नाही, नुसतं 'बाई'. आणि बोलायला काय द्यावं, तर कानावर जे पडत होतं तेच टाइप करत गेलो! डोकं कशाला शिणवा? तुम्ही आत आलात की बाई म्हणणार, "चपला बाहेर काढल्या का?" तुम्ही ऐटीत म्हणालात, "मी महान्यायाधीशांचा लेखनिक आहे," की त्या म्हणणार, "असाल. हात धुतलेत का?" गप्प उभे राहिलात तर, "बोलायचं नसेल तर निदान बसा, उजेड अडतोय." आणि एकदा खोटं बोललात तर वीस पर्यायांनंतरसुद्धा काढून दाखवणार. लक्षात ठेवणं तपासायचं होतं ना! रागावल्या की बोलत नाहीत, चादरींच्या घड्या घालतात. सत्तावीस घड्या. मी मोजलेल्या आहेत, खऱ्या.

ह्या खोलीत मला झटकन जाता यावं म्हणून न्यायालयाच्या तिसऱ्या दालनात, दप्तराच्या कपाटापाशी, मी एक पर्याय ठेवला होता: 'कपाटामागे बघा.' झालं. खेळ बाहेर काढायच्या दिवशी समोर एक्केचाळीस कामांची यादी. एकेक करतोय, खूण करतोय. अडतिसावं काम, सरावाची खोली बंद करणे. हात तिथे नेला आणि आतून आवाज, "जावईबापू, नळ गळतोय बहुतेक!" उठलो. नळ बंद केला. परत आलो, काहीतरी बंद केल्याचं समाधान मनात होतंच, अडतीसवर खूण केली आणि एकोणचाळीसकडे वळलो. आता बोला!

पहिला महिना काही कळलंच नाही. लोक खेळतायत, आकडा वाढतोय, हजार, चार हजार, अकरा हजार! मी हवेत. बायकोला म्हटलं, बघ, लोकांना गंभीर हवं असतं. मग अभिप्राय उघडले. पहिलाच, "न्यायालय ठीक. बाई अप्रतिम." मी म्हटलं, कुठल्या बाई? माझ्या खेळात तर पाच न्यायाधीश आणि एक मासा आहे. दुसरा, "रोज कामावरून आलो की आधी बाईंकडे जातो. चपला बाहेर काढतो. बरं वाटतं." तिसरा, "खटल्याचं नंतर बघू, आधी त्यांच्या गुडघ्याचं सांगा." माझ्या पायाखालची जमीन सरकली हो. धावत नोंदी काढल्या. अकरा हजार चारशे लोक कपाटामागे गेलेले. आणि खटल्याचा निकाल किती जणांनी लावलाय? बेचाळीस. त्यात एकोणीस वेळा मीच.

दार बंद करून टाकायचं ना, असं तुम्ही म्हणाल. केलं की! दुपारी बंद केलं, तर तासाभरात तीनशे पत्रं. "बाई कुठे आहेत? बऱ्या आहेत ना?" एकाने तर लिहिलं, मी दार वाजवतोय आणि आतून आवाज येत नाही, काळजी वाटते. संध्याकाळी उघडलं परत. घाबरून उघडलं, खरं सांगतो.

आणि घरात? घरात ह्याची बातमी कोणाला? कोणालाच नाही! सांगणार काय? आई, तुमचा प्रत्येक शब्द मी चौदा महिने उतरवून घेतलाय आणि अकरा हजार लोक रोज तो वाचतायत? त्यात आमचं, म्हणजे सासू-जावयाचं, मेतकूट कधी जमलेलं नाही. भांडण नाही, पण त्या टेबलाकडे बघून उसासा टाकायच्या आणि मी खोलीकडे बघून. शेवटी मीच मेहुण्याच्या मागे लागलो. त्याचं घर तळमजल्यावर, मोठं, एक खोली रिकामी. बाबा रे, आईंना जिना नको, तुझ्याकडे बरं पडेल. गुडघ्याच्या काळजीने बोलतोय असा आव आणला मी, आणि तो तयार झाला. पुढच्या शनिवारी त्यांनी जायचं ठरलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त "बरं" म्हणाल्या, आणि चादरींच्या घड्या घालायला बसल्या.

आणि त्या शनिवारच्या आधीचा रविवार. वाचनालयाने कार्यक्रम ठेवला होता, 'खेळकर्त्याशी गप्पा'. जागा वाचनालयाचीच, शेजारच्या दालनात लोक वाचत बसलेले, त्यामुळे ग्रंथपालबाईंनी आधीच बजावलं, "टाळ्या वाजवायच्या तर बोटांनी." तीस खुर्च्या, भिंतीवर माझ्या कॉम्प्युटरचा पडदा मोठा करून टाकलेला. आणि बायको आईला घेऊन हजर! "तिला कंटाळा येतो रे घरात, आणि शनिवारी जायचीच आहे, जाता जाता तुझं काम तरी बघू दे." तिसऱ्या रांगेत बसल्या, पर्स मांडीवर, पाठ सरळ.

मी सुरुवात केली. निवडीचं स्वातंत्र्य म्हणजे काय, माणूस खरंच निवडतो का... दहा मिनिटं बोललो. झोकात बोललो हो! कोणी टाळी वाजवली नाही, बोटानेसुद्धा नाही. मग प्रश्न. पहिला हात एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचा, कामाच्या कपड्यांतच आलेले. "साहेब, मी तुमचा खेळ रोज खेळतो." मी खुलून विचारलं, "वा! निकाल काय दिलात तुम्ही?" "निकाल? छे, खटल्यापर्यंत अजून गेलोच नाही. बाईंकडे असतो. काय हो, कसं सुचतं तुम्हाला? त्या निघताना काय विचारतात..." आणि उभे राहून, मान तिरकी करून, हुबेहूब आवाज काढून म्हणाले, "पंखा बंद केलात का?"

आणि तिसऱ्या रांगेतून, सवयीने, "आणि दिवा?"

तीस माना वळल्या. अहो, खेळातलं पुढचं वाक्य तेच आहे! शब्दाने शब्द! तोच सूर, तीच मान! दवाखान्यातली एक परिचारिका होती, ती तर हळूच म्हणाली, "बाई...?" आणि सासूबाई माझ्याकडे बघतायत. मी छताकडे बघतोय. लेक आईकडे, आई जावयाकडे, आणि ते लिफ्टवाले गृहस्थ, विश्वास बसेल का तुमचा, पायाकडे बघून चपला काढायला लागले. आता बोला!

"हे माझं बोलणं आहे," सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही. एखाद्याच्या घरात आपलं भांडं दिसावं ना, तशा. मी तोंड उघडलं. तेवढ्यात लोकच बोलायला लागले. परिचारिका म्हणे, मी वसतिगृहात राहते, हात धुतलेस का असं विचारणारं कोणी नाही, म्हणून जाते मी तिकडे. एक गणिताचे मास्तर म्हणाले, मी बाईंशी खोटं बोललो होतो, दहा दिवस झोप नाही, आज माफी मागतो, आणि खरंच मागितली. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. पण परत नको." मास्तरांचे डोळे पाणावले हो! माझ्या चौदा शेवटांना एक माणूस रडला नव्हता.

मला वाटलं, निभावलं. देवासारखी माणसं भेटली, निभावलं. आणि मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. पांढरे केस, हातात विणकाम. स्वतःची ओळख करून दिली, "मी विध्वंसक९९." हबकलोच मी. हे विध्वंसक९९ म्हणजे मला रोज शिव्यांची पत्रं लिहिणारं माणूस, मी समजत होतो कोणी पैलवान असेल! आजींनी लोकर गुंडाळली आणि विचारलं, "बाकीचं कौतुक पुरे. मला एक सांगा. बाईंच्या खोलीत सगळ्यात खाली एक पर्याय आहे. 'बाईंना घालवून द्या.' तो लिहिणारा माणूस कोण?"

आता ते काय होतं सांगतो. पात्र खोलीतून नीट जातं का ते तपासायला मी तो ठेवला होता. यंत्रणेसाठी! पण 'पात्र हटवा' असं लिहिता आलं असतं, नाही का? आलं असतं. मग तसं का लिहिलं? तर त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या भिंतीवरची तीनशे चिठ्ठ्यांची मांडणी, चौदा शेवटांची, सहा महिन्यांच्या कष्टाची, उतरवून, लहान-मोठ्या आकाराप्रमाणे लावून, रबर घालून हातात दिली होती. "पसारा होता, आवरला." डोकं फिरलं माझं. आणि चिडलेला माणूस लिहितो ते खरंच लिहितो हो, यंत्रणेचं निमित्त. मला खोली हवी होती. मला त्या जायला हव्या होत्या. हे मी तिथे म्हणालो नाही. पण म्हणायची गरज होती का? सगळ्यांनी माझं तोंड बघितलं. बायकोने बघितलं. तिला शनिवार आठवला असणार, आणि मेहुण्याला केलेले माझे फोन, कारण ती अशी बघत होती की मला वाटलं, शनिवारी आईबरोबर हीसुद्धा बॅग भरते की काय.

परिचारिकेने विचारलं, "किती जणांनी दाबलंय ते?" मी मुकाट्याने नोंद उघडली. भिंतीवर एवढी मोठी. आत आलेले, अकरा हजार चारशे. तो पर्याय निवडलेले, शून्य. एकानेही नाही! अहो, लोक माझ्या खेळात न्यायाधीशाला विष देतात, माशालासुद्धा सोडत नाहीत, आणि इथे शून्य. शेजारच्या दालनात कोणीतरी पान उलटलं तेसुद्धा ऐकू आलं.

सासूबाई उठल्या. गुडघा धरत, हळूहळू. लिफ्टवाल्यांनी हात दिला. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पर्समधून चष्मा काढला. "जावईबापू, ते बटण दाखवा."

"आई, राहू दे ना, ते नुसतं..."

"दाखवा."

दाखवलं. भिंतीवर ती खोली आली, एका खिडकीची. त्यांनी सगळं वाचलं, सावकाश, ओठ हलवत. आणि कोणी काही म्हणायच्या आत बोट ठेवलं. विध्वंसक९९ "नको!" म्हणून ओरडल्या, ग्रंथपालबाईंनी तोंडावर हात ठेवला, आणि भिंतीवर अक्षरं आली. 'बाई गेल्या.'

आणि त्याच्याखाली... देवा शप्पथ सांगतो, मला आठवणसुद्धा नव्हती! लिहिताना एखादी जागा अडली की आम्ही तिथे स्वतःसाठी चिठ्ठी सोडून पुढे जातो. सगळेच करतात. मी पण केली होती, आणि खोलीच बंद करायची म्हणून ती पुसली नव्हती. सासूबाईंनी मोठ्याने वाचली, अख्ख्या वाचनालयाला ऐकू जाईल अशी.

"'ह्या गेल्यावर इथे काय होईल, काही केल्या सुचत नाही. नंतर बघू.'"

मी तर कुठे बघावं ते न कळून त्या चिठ्ठीकडेच बघत होतो. दोन लाख शब्द लिहिले होते मी, दोन लाख, पाण्याखालच्या शहरावर, आणि ह्या एका रिकाम्या खोलीपुढे एक ओळ सुचली नव्हती. इतके दिवस मला वाटत होतं मी कंटाळा केला. कंटाळा नव्हता हो तो.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "सुचत नाही?"

"नाही, आई."

"चौदा शेवट सुचले, आणि हा नाही?"

"नाही."

त्यांनी जरा विचार केला. "मग सुचेपर्यंत थांबते," म्हणाल्या, आणि जागेवर जाऊन बसल्या. टाळ्या पडल्या, चांगल्या कडकडून, दोन्ही हातांनी. सगळ्यांत जोरात ग्रंथपालबाईंच्या.

तो शनिवार गेला. त्यानंतरचे सोळा शनिवार गेले. टेबल माझं, खोली त्यांची, वर आता त्या पडद्यापाशी बसून माझी वाक्यं तपासतात, "हे मी असं म्हणणार नाही." रविवारी विध्वंसक९९ घरी येतात, दोघी मिळून माझे न्यायाधीश छाटतात. पाचाचे दोन राहिलेत. मासा त्यांना आवडला म्हणून वाचला. कंबर तर केव्हाच कामातून गेली. परवा मेहुण्याचा फोन, "अरे, आईची खोली रंगवून तयार आहे, कधी पाठवतोस?" म्हटलं, माझं लिखाण अडलंय. म्हणतो, "तुझ्या लिखाणाचा आणि आईच्या येण्याचा संबंध काय?" काय सांगू त्याला? तुम्हीच सांगा.

आणि सासूबाई रोज सकाळी विचारतात, "सुचलं का?" मी रोज मान हलवतो, "नाही." "बरं," म्हणतात, "घाई नाही."

सुचलंय हो. त्याच रविवारी, वाचनालयातून घरी परतताना सुचलं. चार पानं लिहून तयार आहेत, चांगली आहेत, माझ्या आयुष्यात इतकं चांगलं मी लिहिलेलं नाही. पण ती खेळात टाकली की त्या बॅग भरणार, शब्दाच्या पक्क्या आहेत. म्हणून बसलोय आपला टेबलावर, चार चांगली पानं दडवून, न सुचणारा लेखक म्हणून तोंड पाडून... काय करता?